गुणांशिवायची चार वर्षं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आपल्याच एका विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



रौप्यमहोत्सव समितीने मला विषय दिला आहे, ‘माझी शाळा आणि मी’. माझी शाळा जरा वेगळी होती हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. ‘ती परीक्षा नसलेली शाळा’ असंच आपल्याकडे तिला म्हणायचे. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की ठरलेले दोन प्रश्न असायचे. ‘कितवीत गेलीस?’ आणि ‘किती पडले?’ पहिल्याचं उत्तर मी लगेच द्यायचे. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नसायचंच. मग काकू माझ्याकडे जरा काळजीने बघायच्या, आणि तेवढ्यात तिसरा मजला यायचा. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज सविस्तर देते. समितीने वीस मिनिटं दिली आहेत, आणि लिफ्टच्या मानाने ती पुष्कळ आहेत.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करते. गुण न देणं आणि नापास न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही, असं त्यात होतं. लोकांनी त्याला ‘ढकलपास’ नाव दिलं. त्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१० ला, आपल्या राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. वर्षअखेरीच्या एका परीक्षेवर मुलाला जोखू नका, वर्षभर बघा, हा त्याचा गाभा. त्यात दैनंदिन निरीक्षण होतं, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं बरंच काही होतं. शिवाय प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकांनी स्वतःच्या शब्दांत नोंद लिहायची होती.

कागदावर हे सुंदर होतं. पण माझ्या बरोबरीच्या, इतर शाळांत शिकलेल्या मित्रमैत्रिणींना विचारा. त्यांना गुण मिळतच होते, फक्त त्यांचं रूपांतर श्रेणीत व्हायचं. ९१ च्या वर अ-१, ८१ ते ९० अ-२, मग ब-१, ब-२ असं खाली खाली. आणि वर्णनात्मक नोंदी? त्यांची तयार पुस्तकं बाजारात मिळायला लागली. ‘वर्गात लक्ष देते’, ‘अक्षर सुवाच्य आहे’, ‘प्रश्नांची उत्तरे आत्मविश्वासाने देतो’. एकच वाक्य पंधरा मुलांच्या पुस्तकांत. म्हणजे गुण नावापुरते गेले आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. पुढे २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २०२३-२४ या वर्षापासून आपल्याकडे पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. तेव्हा पुष्कळ पालक म्हणाले, ‘बरं झालं बाई, मुलं काही शिकतच नव्हती.’ त्यांचा राग मला समजतो. पण त्यांच्या मुलांना गुणांशिवाय शिकवून पाहिलंच नव्हतं. त्यांना नुसतं पुढच्या वर्गात घातलं होतं.

आमच्या शाळेत काय होतं ते आता सांगते.

शाळा मराठी माध्यमाची, छोटी. एका इयत्तेची एकच तुकडी, वर्गात आम्ही २८ जणं. शिक्षकांना आम्ही ताई-दादा म्हणायचो. पाचवीपासून हायस्कूल सुरू झालं, आणि पाचवी ते आठवी या चार वर्षांत माझ्या कुठल्याही वहीवर, कुठल्याही पेपरवर आकडा आला नाही. सरकारी नियमाप्रमाणे लागणारी श्रेणी शाळेच्या दप्तरी लिहिली जायची, पण ती वर्गात कुणी वाचून दाखवायचं नाही. चाचण्या मात्र व्हायच्या. परीक्षा नसलेली शाळा ती नव्हतीच. आम्ही पेपर लिहायचो, तो तपासून परत यायचा, आणि समासात लाल ऐवजी हिरव्या पेनने लिहिलेलं असायचं.

काय लिहिलेलं असायचं त्याचा एक नमुना. सहावीत अपूर्णांकांचा भागाकार होता. माझी सगळी उत्तरं बरोबर होती. दुसऱ्या शाळेत पैकीच्या पैकी मिळाले असते आणि विषय तिथेच संपला असता. ताईंनी लिहिलं होतं, ‘उत्तरं बरोबर. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, हे का करायचं ते सांगता येईल का? घरी अर्धी पोळी घे आणि तिच्यात पाव पोळ्या किती बसतात ते बघ.’ मी घरी पोळी घेऊन बसले. आजी म्हणाली, ‘खायची आहे का खेळायची आहे?’ पण अर्ध्याला पावने भागलं की दोन का येतात, हे त्या दिवशी जे कळलं ते आजतागायत कळलेलं आहे. सध्या मी संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याची सुरुवात त्या पोळीपासून झाली असं मी गमतीने म्हणते.

दर सहामाहीला प्रगतिपुस्तक मिळायचं. त्यात प्रत्येक विषयापुढे तीन रकाने असायचे. पहिला आम्ही स्वतः भरायचा. मला काय जमतं, काय अर्धवट येतं, पुढच्या सहामाहीत काय करणार. दुसऱ्यात ताई लिहायच्या. तिसरा पालकांचा. मग ताई, आई-बाबा आणि मी असे चौघं अर्धा तास बसायचो. ताई आणि मी सहमत नसलो तर तेही तिथे बोलायचं. अकरा वर्षांच्या मुलीला ‘तुझ्या मते तुला काय येत नाही?’ असं विचारणारी मोठी माणसं फार नसतात. हा प्रश्न सोपा नाही. पण त्याची सवय लागली की अभ्यास कुणाच्या तरी धाकाने करावा लागत नाही.

सातवीचा एक प्रकल्प तर आपल्याच सोसायटीतला. घनफळ शिकत होतो. ताई म्हणाल्या, राहता तिथली पाण्याची टाकी मोजा. मी आपली जमिनीखालची टाकी मोजली. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, अडीच मीटर खोल. म्हणजे ६० घनमीटर, म्हणजे ६०,००० लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. आपले फ्लॅट ४८, घरटी चार माणसं धरली तर १९२ माणसं, म्हणजे रोजचे सुमारे २६,००० लिटर. टाकी भरली की सव्वादोन दिवस पुरते. वहीवर शेरा आला, ‘आकडेमोड बरोबर. आता पुढचा प्रश्न: मे महिन्यात टाकी रोज किती भरते? हे कोणाला माहीत असेल?’

हे माहीत होतं आपल्या वॉचमनकाकांना. ते रोज पंप किती वाजता सुरू केला, किती वाजता बंद केला, पट्टीवर पाणी किती होतं, हे एका वहीत लिहून ठेवायचे. सात वर्षांच्या वह्या होत्या त्यांच्या खोलीत. मी त्यातून दोन उन्हाळ्यांचे आकडे उतरवून घेतले. माझा अहवाल सचिवकाकांनी तेव्हाच्या सभेत वाचून दाखवला होता, काहींना आठवत असेल. मला त्या प्रकल्पाचे किती गुण मिळाले? एकही नाही. पण टँकर कधी मागवायचा हे ठरवताना त्या वह्या काढायच्या असतात, हे आपल्या सगळ्यांना तेव्हापासून कळलं.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी गोड बाजू झाली. दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हे भाषण म्हणजे शाळेची जाहिरात होईल.

गुण नव्हते म्हणून सगळेच मन लावून शिकत होते असं नाही. आमच्यातले दोघं-तिघं अगदी निवांत असायचे आणि त्यांना त्या हिरव्या शेऱ्यांनी काही फरक पडायचा नाही. आणखी एक गोष्ट जास्त गंभीर. वर्गातल्या एका मुलाला सहावीपर्यंत नीट वाचता येत नव्हतं. त्याच्या पुस्तकात ‘प्रयत्न करतो’, ‘हळूहळू प्रगती आहे’ असं लिहिलेलं असायचं. त्याच्या आईवडिलांना त्या वाक्यांचा अर्थ ‘ठीक चाललंय’ असाच लागला. आकडा असता तर त्यांच्या काळजात तेव्हाच धस्स झालं असतं आणि कदाचित मदत लवकर मिळाली असती. गोड भाषेत लिहिलेली नोंद आकड्यापेक्षा जास्त फसवी असू शकते. गुण काढायचे तर शिक्षकाला खरं बोलावं लागतं, आणि खरं लिहिणं हे ४२ आकडा लिहिण्यापेक्षा खूप अवघड आहे.

दुसरं, कष्टाचं गणित. आमच्या वर्गात २८ मुलं आणि सात विषय, म्हणजे एका सहामाहीला १९६ नोंदी, त्या सगळ्या ताई-दादांमध्ये वाटलेल्या. मोठ्या शाळेत गणिताच्या एका बाईंकडे पाच तुकड्या असतात, प्रत्येकी साठ मुलं. त्यांनी प्रत्येकाबद्दल चार खरी वाक्यं लिहायची ठरवली तर तीनशे मुलांच्या बाराशे ओळी होतात. वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. त्या बाईंनी बाजारातलं तयार पुस्तक आणलं तर मी त्यांना दोष देणार नाही.

आणि तिसरं मी माझ्या बाबांकडून शिकले. मला या शाळेत घालायला बाबा राजी नव्हते. ते म्हणायचे, ‘गुण नसते तर मी गावातून बाहेरच पडलो नसतो.’ त्यांच्या घरात कुणी शिकलेलं नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. बोर्डाच्या पेपरवर फक्त बैठक क्रमांक होता. तपासणाऱ्याला त्यांचं आडनाव कळलं नाही, गाव कळलं नाही, अंगावरचा शर्ट दिसला नाही. गुण मिळाले, कॉलेज मिळालं, पुढे बँकेच्या परीक्षेतून नोकरी लागली. आज आपण या सोसायटीत राहतो ते त्या गुणांवर. शिक्षकांच्या शेऱ्यावर सगळं सोपवलं असतं तर गावातल्या त्या शाळेत त्यांच्याबद्दल काय लिहिलं गेलं असतं, हे बाबांना चांगलं माहीत आहे. म्हणून गुणांची सरसकट थट्टा करणाऱ्यांच्यात मी नाही. ज्याच्यामागे कुणी नाही त्याच्यामागे कधी कधी गुणच उभे असतात.

पण बाबांचं उदाहरण नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांना गुणांनी दार उघडून दिलं ते दहावीला आणि नोकरीच्या परीक्षेला. म्हणजे जिथे जागा कमी आणि माणसं जास्त, तिथे निवड करायला. तिथे मोजमाप लागणारच. सहावीत कुणाची निवड करायची आहे? कुठल्या जागेसाठी? सहावीत तर सगळ्यांनीच शिकायचं आहे. नॉर्वेमध्ये पहिली ते सातवी मुलांना गुण किंवा श्रेणी देतच नाहीत, आठवीपासून देतात. आपल्याकडेही अशी माणसं होऊन गेली. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काम उभं केलं. मूल भीतीशिवाय शिकतं, हे या माणसांनी आपल्या भाषेत, आपल्या मुलांबरोबर दाखवून दिलं. हे परदेशातून आणलेलं फॅड नाही.

आता नववीकडे येते. नववीपासून आमच्या शाळेत गुण सुरू व्हायचे, कारण दहावीला बोर्ड. ताईंनी आधी समजावून सांगितलं होतं. पहिली घटक चाचणी झाली, वीस गुणांची. पेपर हातात आले. समासात हिरव्या पेनचे शेरे होतेच, नेहमीसारखे. पण पहिल्यांदाच वरच्या कोपऱ्यात आकडा होता. त्या दिवशी वर्गात कुणीही शेरे वाचले नाहीत. सगळ्यांनी कोपरा बघितला आणि मग शेजारच्याचा कोपरा बघितला. चार वर्षं एकत्र डबा खाल्लेली आम्ही मुलं एका तासात क्रमाने लागलो.

पुढे महिनाभरात आणखी एक बदल झाला. विज्ञानाच्या तासाला दादा काहीतरी सांगत होते, बहुतेक आपल्या भागातल्या दगडाबद्दल. मागून प्रश्न आला, ‘दादा, हे परीक्षेला आहे का?’ चार वर्षांत हा प्रश्न आमच्या वर्गात कुणी विचारला नव्हता. विचारणारा मुलगा तोच, आम्हीही तेच, दादाही तेच. फक्त कोपऱ्यात आकडा आला होता.

हे फक्त आमच्या वर्गाचं नाही. रूथ बटलर नावाच्या संशोधक बाईंनी इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला होता, १९८८ साली तो प्रसिद्ध झाला. मुलांचे तीन गट केले. एका गटाला कामावर फक्त शेरे दिले, दुसऱ्याला फक्त गुण, तिसऱ्याला गुण आणि शेरे दोन्ही. फक्त शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली आणि त्यांचा रसही टिकला. फक्त गुण मिळालेल्यांचं तसं झालं नाही. आपल्याला वाटेल, दोन्ही मिळालेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला असेल. तर नाही. त्यांची गत फक्त गुण मिळालेल्या मुलांसारखीच झाली. आकडा शेजारी आला की शेऱ्याचा उपयोग संपतो. मी हे कॉलेजात वाचलं तेव्हा मला आमचा नववीचा वर्गच डोळ्यासमोर आला.

आता माझे दहावीचे गुण सांगून टाकते, नाहीतर तुमचं अर्धं लक्ष तिकडेच राहील. ८४.६०. मार्च २०२० ची आमची बॅच. तीन तास एका दमात लिहायचा वेग आणि मुद्देसूद उत्तराची शिस्त मला नववी-दहावीत मेहनतीने कमवावी लागली, ती आधी नव्हती. पण कुठल्या धड्यात मला काय येत नाही हे शोधायला कुणी लागलं नाही. ती सवय आधीची होती.

त्या वर्षीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून आम्हाला भूगोलाचे गुण मिळाले. म्हणजे माझ्या गुणपत्रिकेत भूगोलासमोर जो आकडा आहे, तो मी न लिहिलेल्या पेपरचा आहे. त्याने ना माझा भूगोल वाढला ना कमी झाला.

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणून आणखी चारच आकडे सांगते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के. २०१९ ला ७७.१० टक्के. २०२० ला ९५.३० टक्के. २०२१ ला ९९.९५ टक्के. २०१९ ची मुलं एकदम मठ्ठ निघाली आणि आम्ही एकदम हुशार, असं झालं का? २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि शाळेकडचे अंतर्गत वीस गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत दिले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही, नववीचे गुण आणि शाळेतलं मूल्यमापन धरून निकाल लावला. मोजपट्टी बदलली, मुलं तीच होती. पण त्या २०१९ च्या मुलांच्या घरी जून महिन्यात काय वातावरण असेल, ते आठवून बघा.

आता हे सगळं मी इथे, सोसायटीच्या कार्यक्रमात का सांगते आहे?

माझी आई दोन वर्षं सोसायटीची खजिनदार होती. दरवर्षी लेखापरीक्षक येतात, हिशेब तपासतात आणि सोसायटीला वर्ग देतात. आपल्याला ‘अ’ वर्ग मिळतो. वार्षिक सभेत तो जाहीर झाला की टाळ्या पडतात. पण आई म्हणायची, कामाचा कागद तो नाही. कामाचा कागद म्हणजे लेखापरीक्षकांनी काढलेले दोष. सिंकिंग फंड वेगळा गुंतवलेला नाही, अमुक ठरावाची नोंद इतिवृत्तात नाही, तमुक व्हाउचरवर सही नाही. त्याचा दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. सोसायटी सुधारली ती त्या कागदामुळे, ‘अ’ अक्षरामुळे नाही. मोठ्या माणसांच्या कारभारात हे आपल्याला कळतं. मुलांच्या बाबतीत मात्र आपण फक्त अक्षर बघतो.

दरवर्षी जूनमध्ये नोटीस बोर्डावर सूचना लागते, ‘पहिली ते बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. ७५ टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स कार्यालयात जमा करावी.’ पेन, कंपास पेटी, पुष्पगुच्छ. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, वर्गणी देणाऱ्यांचाही. पण त्या दिवशी खाली कोण येत नाही, हे कधी कुणी मोजलं आहे का?

माझ्याच वयाचा एक मुलगा आपल्या सोसायटीत आहे. त्याला विचारूनच सांगते, नाव घेत नाही. तो नेहमीच्या शाळेत होता, गुण असलेल्या. दरवर्षी सत्काराच्या दिवशीच त्याला मामाकडे जायचं असायचं. लहानपणी मला वाटायचं, किती छान, याला सारखा मामा बोलावतो. खूप नंतर त्याने सांगितलं, मामाकडे जायचा हट्ट तो स्वतःच करायचा, कारण सगळी मुलं एकेक करून स्टेजवर जातात आणि खाली दोघं-तिघंच उरतात, ते त्याला नको व्हायचं. हे तिसरीपासून.

२०२० च्या टाळेबंदीत वॉचमनकाका गावी अडकले होते. बी विंगला पाणी चढत नव्हतं आणि प्लंबर यायला तयार नव्हते. तेव्हा कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा आणि कुठला नंतर, हे या मुलाला माहीत होतं, कारण तो लहानपणापासून वॉचमनकाकांच्या मागे मागे फिरायचा. दोन महिने रोज सकाळी साडेपाचला त्याने पंप चालवला. त्यानेही त्याच वर्षी दहावी दिली होती. जुलैअखेर निकाल लागला. कार्यक्रम होऊ शकला नाही, म्हणून यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. त्या यादीत माझं नाव होतं. त्याचं नव्हतं. भूगोलाचे गुण आम्हा दोघांनाही न दिलेल्या पेपरचेच मिळाले होते. पुढे त्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला, आणि आज या मंडपातले दिवे त्यानेच लावले आहेत. त्याच्याबद्दल कुणाला वाईट वाटावं म्हणून मी हे सांगत नाही. त्याचं बरं चाललं आहे. मला त्या तिसरीतल्या मुलाबद्दल बोलायचं आहे, जो यंदाही मामाकडे गेला असेल. तो आपल्या कुठल्यातरी मजल्यावर राहतो.

शाळा बदलणं आपल्या हातात नाही. बोर्ड, अकरावीचा प्रवेश, सीईटी, नीट हेही नाही. पण ही सोसायटी आपली आहे आणि सत्कार कसा करायचा हे आपणच ठरवतो. म्हणून तीन गोष्टी सुचवते.

पहिली. पहिली ते नववीच्या मुलांकडून गुणपत्रिका मागवणं बंद करूया. दहावी-बारावीचा सत्कार हवा तर राहू दे. त्या वर्षी मुलांनी खरंच जिवाचं रान केलेलं असतं. पण टक्क्यांची अट काढूया. जो बोर्डाला बसला त्या प्रत्येकाला बोलवूया.

दुसरी. पहिली ते नववीच्या प्रत्येक मुलाने वर्षभरात शिकलेली एक गोष्ट त्या दिवशी दाखवावी. पोहणं असेल, आजीकडून शिकलेली पुरणपोळी असेल, पाढे असतील, सायकलचं पंक्चर काढणं असेल, विज्ञानाचा प्रयोग असेल. क्लब हाऊसमध्ये टेबलं मांडूया. नंबर काढायचे नाहीत, परीक्षक नेमायचे नाहीत.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, कारण यात मोठ्यांना काम आहे. प्रत्येक टेबलापाशी दोन मोठी माणसं बसावीत आणि त्यांनी त्या मुलाला दोन प्रश्न विचारावेत, ‘हे कसं शिकलास?’ आणि ‘आता पुढे काय?’ उत्तर ऐकून दोन खरी वाक्यं एका कार्डावर लिहून त्याला द्यावीत. ‘छान’, ‘उत्तम’, ‘शाब्बास’ चालणार नाही. पंक्चर काढलेली ट्यूब पाण्यात बुडवून बघितलीस का, असं काहीतरी लिहावं लागेल. म्हणजे आधी नीट बघावं लागेल. आपल्याकडे निवृत्त शिक्षक आहेत, इंजिनिअर आहेत, परिचारिका आहेत, उत्तम स्वयंपाक करणाऱ्या आज्या आहेत. ४८ घरांत मुलं फार तर चाळीस. एकेका मुलाला दोन माणसं सहज मिळतील. मोठ्या शाळांना जे परवडत नाही, ते आपल्याला एका संध्याकाळी परवडतं.

मी सोसायटीची सभासद नाही, सभासदाची मुलगी आहे. त्यामुळे ठराव मांडायचा हक्क मला नाही. आईने तो तिच्या नावाने लिहून सचिवकाकांकडे दिला आहे, आणि विशेष म्हणजे अनुमोदक म्हणून बाबांच्या ओळखीच्या एका काकांची सही बाबांनीच आणली आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तो विषयपत्रिकेवर येईल. विरोधात बोलायचं असेल तर जरूर बोला, पण त्याआधी त्या रात्री घरी आपल्या मुलाला किंवा नातवंडाला एवढं विचारा की बक्षीस समारंभाच्या दिवशी त्याला कसं वाटतं. त्याने दिलेलं उत्तर सभेत सांगा.

पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही सगळ्यांनी इथे मोकळ्या माळावर ही इमारत उभी केली. पाणी नव्हतं, रस्ता नव्हता, तरी एकमेकांच्या भरवशावर राहायला आलात. आम्ही मुलं त्या भरवशावरच वाढलो. हा भरवसा पुढच्या मुलांना टक्के न विचारता मिळावा, एवढीच माझी विनंती. रौप्यमहोत्सवाच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा.